आठशे इडियम आणि एक अबोला

फेब्रुवारी सरत आला की मला घरात बसवत नाही. चहा करते आणि तो तसाच गार होतो. कपाट उघडते आणि कशाला उघडलं ते आठवत नाही. "पायाला भिंगरी लागलीय का गं तुझ्या?" असं नवरा दर वर्षी विचारतो आणि दर वर्षी मी उकाड्यावर ढकलते. उकाडा असतोच म्हणा. बोरिवलीला डोंगराच्या अंगाला राहूनही दुपारी भिंती तापतात. पण खरं कारण आमच्या खालच्या मजल्यावर आहे. तिथे मुग्धा नावाची मुलगी राहते, आणि सरकारी भरतीची परीक्षा जवळ आली की ती गॅलरीत येरझाऱ्या घालत इंग्रजी पाठ करते.

"लुक आफ्टर, काळजी घेणे. लुक इनटू, चौकशी करणे. लुक डाउन ऑन, तुच्छ लेखणे. लुक अप टू..." इथे ती थांबते. रोज इथेच थांबते. मी वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत असते आणि चिमटा हातातच राहतो. अगं, आदर करणे! आदराने बघणे गं बाई! असं वरून ओरडावंसं वाटतं. ओरडत नाही. एकदा तोंड उघडलं तर मी आठशेच्या आठशे म्हणून दाखवीन आणि पोरीला वाटेल, काकूंचं डोकं फिरलंय.

आठशे इडियम, म्हणजे इंग्रजीतले ठरीव शब्दप्रयोग, होते आमच्या भरतीच्या क्लासच्या नोट्समध्ये. झेरॉक्स, स्पायरल बाइंडिंग, आणि पहिल्या पानावर परेरा सरांच्या अक्षरात 'रोज वीस'. शाळेतल्या कविता विसरले, सतराचा पाढा कधी आलाच नव्हता, पण 'बाय अँड लार्ज' आणि 'ॲट सिक्सेस अँड सेव्हन्स' डोक्यातून जायला तयार नाहीत. आयुष्यात एकदाही कोणाशी बोलताना वापरले नाहीत. भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखे ठाण मांडून बसलेत मेले.

क्लास अंधेरी पश्चिमेला, चष्म्याच्या दुकानाच्या वर. साठ जणांच्या खोलीत नव्वद बसायचो. परेरा सर अंधेरीतल्याच आंबोलीचे, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळचे ख्रिस्ती, त्यांची मराठी आमच्याहून रोखठोक. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'आय प्रिफर टी दॅन कॉफी', आणि वळून विचारलं, "चूक कुठाय?" मग स्वतःच खोडलं. "दॅन नाय, टू. प्रिफर टी टू कॉफी." मी हात वर केला. "का विचारणार ना? हात खाली घे. इडियममध्ये का विचारलंस की मार्क गेला. हे घरच्यांनी ठरवलेलं लग्न आहे. कोणाचं कोणाशी ते लक्षात ठेव नि गुपचूप अक्षता टाक."

माझा तो तिसरा प्रयत्न. गणित, सामान्य ज्ञान वगैरे मी आरामात तरून जायचे. दोन्ही वेळा वाट लावली ती इंग्रजीने. म्हणजे निबंधाच्या इंग्रजीने नाही, त्या बारक्या बारक्या शब्दांनी. ऑन, ॲट, विथ, ऑफ, टू. आपल्याकडे कसं, शब्दाच्या शेपटाला प्रत्यय चिकटवला की झालं काम. तिकडे प्रत्येक क्रियापदाने आपला आपला एक बारका शब्द बाळगलेला, आणि दुसरा दिला की ते रुसतं. 'मॅरीड विथ' म्हणायचं नाही, 'मॅरीड टू'. 'डिस्कस'च्या पुढे 'अबाउट' घातलं की मेलोच. मी वीस-वीसचे कागद गॅसच्या वरच्या भिंतीला चिकटवायचे. कालवणाच्या वाफेने दोन दिवसांत शाई पसरायची. आई कालवण ढवळताना मान तिरकी करून त्या कागदांकडे बघायची आणि म्हणायची, "यातला कंचा झाला, कंचा ऱ्हायला?" तिला वाचता येत नव्हतं, पण किती राहिलेत याचा हिशोब तिला रोज हवा असायचा.

हे फॉर्म भरायच्या आधीचं. नंतर तिने विचारणं बंद केलं.

आम्ही वर्सोव्याच्या कोळीवाड्यातले. बाबा आधी होडीवर जायचे, गुडघे गेल्यावर ओटीवर बसून जाळी शिवायचे. आई मासळी विकायची. अंधेरीच्या बाजारात, तीस वर्षं, एकाच ओट्यावर. घर तिच्या पाटीवर चालायचं. माझी शाळा, कॉलेज, परेरा सरांचा क्लास, पायातली चप्पल, सगळं त्या ओट्यावरून आलं. हे सगळ्यांना माहीत होतं आणि मला सगळ्यांत जास्त माहीत होतं. म्हणून तर पुढचं सांगताना अजून जीभ अडखळते.

फॉर्मचा शेवटचा दिवस होता. क्लासजवळच्या सायबर कॅफेत आमच्या वर्गातल्या सात-आठ जणींची रांग. जातीचा दाखला माझ्याकडून हरवेल म्हणून तो कायम आईच्या पिशवीत असायचा, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. तो द्यायला ती बाजारातून थेट आली. दारातच थांबली. पाटी पायरीवर ठेवली आणि पदराने मान पुसत उभी राहिली. आत पंखा होता. "आत ये ना," असं मी म्हटलं नाही. हे मला त्या वेळी खटकलंही नाही, आता खटकतं.

कॅफेचे काका भराभर विचारत होते. नाव, पत्ता, जन्मतारीख. "फादर ऑक्युपेशन?" "रिटायर्ड," मी म्हटलं. होडीवरून कोणी रिटायर होतं का? पण शब्द छान वाटला. "मदर ऑक्युपेशन?"

मागे वर्गातल्या मुली उभ्या होत्या. त्यांच्या मागे आई.

"हाऊसवाईफ," मी म्हटलं.

शिंक यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. काकांनी टाइप केलं आणि पुढे गेले. मी दाखला घ्यायला मागे वळले, तर आईने हात पुढे केलेलाच होता. आईला इंग्रजी येत नव्हतं, पण हा शब्द तिला पक्का ठाऊक होता. तिची निम्मी गिऱ्हाइकं तीच. "आज हाऊसवाईफ लोक लवकर आले," असं ती घरी सांगायची. "त्या हाऊसवाईफ बायांना काटा नको, सगला पापलेटच पायजे." तिच्या लेखी ओट्याच्या पलीकडे उभी राहणारी ती हाऊसवाईफ आणि अलीकडे बसणारी ती स्वतः. आणि मी तिला उचलून पलीकडे ठेवलं होतं. तिने दाखला माझ्या हातात दिला, पाटी उचलली आणि गेली.

घरी पोचले तेव्हा ती ताट वाढत होती. मी तिच्यापासून दोन हातांवर. ती बाबांना म्हणाली, "तिला सांगा, जेवन वाढलंय."

बाबांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "वाढलंय गो," ते मला म्हणाले.

झालं. तिथून अबोला सुरू झाला.

अबोला काही कोणी जाहीर करत नाही. राग धरतात, उपास धरतात, तसा अबोला धरतात, आणि आमच्या आईची पकड घट्ट. बाकी सगळं चालू. सकाळी डबा तयार. माझे क्लासचे कपडे घडी करून ठेवलेले. कालवणातला मधला तुकडा माझ्याच ताटात. फक्त माझ्याकडे बघून एक शब्द नाही. "तिला सांगा, छत्री, नाय, टोपी घेऊन जा, ऊन हाय." "तिला सांगा, नलाला पानी आलंय." बाबा पहिले आठ-दहा दिवस इमानाने निरोप पोचवत होते. मग एका दुपारी जाळं बाजूला टाकून ओरडले, "मना काय टेलिफोन समजता काय गो तुमी दोघी?" आई शांतपणे म्हणाली, "तिला सांगा, बाबांना चाय दे."

मी हसले. नोट्समध्ये एक इडियम होता, 'नॉट ऑन स्पीकिंग टर्म्स'. सर म्हणायचे, भांडण झालेल्या माणसांसाठी वापरायचा. पण आमचं भांडण कुठे झालं होतं? भांडण झालं असतं तर मी चार शब्द बोलले असते, तिने आठ सुनावले असते, संध्याकाळपर्यंत मिटलं असतं. कोळीवाड्यात भांडणं अशीच मिटतात. हे मिटेना, कारण हे दोघींपैकी कोणालाही तोंडावर आणता येत नव्हतं.

माझी तडफड सुरू झाली. एका जागी अभ्यास होईना. ओटीवर बसले की उठून किनाऱ्यावर, किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या सावलीत दहा मिनिटं, मग तिथून देवळात, देवळातून परत घरी. तोंडाने चालू, 'कम्प्लाय विथ, अबाइड बाय, कन्फॉर्म टू'. म्हाताऱ्या बाया बोंबील उलटवता उलटवता एकमेकींना म्हणायच्या, पोरीला बाहेरचं काय लागलं की काय.

एकदा सरांनी चाचणी घेतली. गाळलेला शब्द भरायचा. 'माय मदर इज अँग्री डॅश मी.' मी डोळे झाकून 'ऑन' लिहिलं. सगळ्या वर्गाने 'ऑन' लिहिलं. सर टेबलावर बसले आणि कपाळाला हात लावला. "राग माझ्यावर, म्हणून अँग्री ऑन मी. मराठीत राग वरून पडतो रे बाबांनो, माडावरून नारळ पडावा तसा. इंग्रजीत तो शेजारी बसतो. विथ! अँग्री विथ मी!" वर्ग हसला. मला हसू आलं नाही. मी मनात म्हटलं, सर, आमच्या घरात तो शेजारीच बसतो. ताट वाढतो, मधला तुकडा देतो. एवढं एक उत्तर मी पुन्हा कधी चुकले नाही.

पण का म्हणाले मी तसं? 'का' विचारलं की मार्क जातो, ठीक आहे, पण हा प्रश्न मला झोपताना, उठताना, कांदा चिरताना येत होता.

मी चौथीत असताना शाळेत नव्या बाई आल्या होत्या. त्यांनी विचारलं, डब्यात काय आणलंस? मी म्हटलं, "केली." बाई म्हणाल्या, "काय केलीस?" वर्ग खो-खो हसला. आमच्या बोलीत ळ नाही. आम्ही मासली खातो, नारल फोडतो, डोल्यांनी बघतो. त्या दिवशी घरी जाऊन मी आरशासमोर जीभ वळवून ळ, ळ, ळ घोकला. आठवडाभरात आला. आईला म्हटलं, "आई, केळी म्हण." ती म्हणाली, "केली." मी म्हटलं, "ळ गं, ळ." ती म्हणाली, "मना तसाच गोड लागतो." म्हणजे परीक्षेचं व्याकरण मी इंग्रजीपासून शिकायला लागले नाही. आधी आपल्याच भाषेत एकदा पास झाले होते. आणि पास झाल्यावर घरचं बोलणं चुकीचं वाटायला लागलं होतं, हे खरं दुखणं.

क्लासमध्ये एका सकाळी सरांना उशीर झाला. नव्वद जण एकदम बोलत होते. सर आत आले आणि गरजले, "काय मासळी बाजार मांडलाय रे!" सगळे चिडीचूप. मीसुद्धा. सरांच्या मनात काही नव्हतं. मराठीत गोंगाटाला हेच म्हणतात. बालवाडीपासून मी हेच ऐकत आले. बसमध्ये दोन बाया भांडल्या की तिसरी म्हणते, काय कोळणींसारख्या भांडताय. इतक्या वेळा ऐकलं की मी स्वतःही कॉलेजात एकदा कोणाला तरी म्हणून गेले होते. आणि खरा मासळी बाजार? आईच्या बाजारात कोणी कोणाच्या ओट्यावर पाऊल ठेवत नाही. एकीचं गिऱ्हाईक दुसरी ओढत नाही. एखादी आजारी पडली तर तिची पाटी शेजारच्या दोघी विकून घरी पोचती करतात. आमचा वर्ग तसा वागला असता तर सरांना ओरडायची वेळ आली नसती.

शेजारी प्रज्ञा बसली होती. कांजूरमार्गची, रोज घाटकोपरहून मेट्रोने यायची. सडेतोड पोरगी. फॉर्मच्या रांगेत माझ्या मागे तीच उभी होती. तिने वहीवरून डोकं न उचलता विचारलं, "ए, त्या दिवशी दारात उभी होती ती तुझी आई ना?"

"हो."

"मग हाऊसवाईफ का सांगितलंस? माझी मम्मी हॉस्पिटलात आया आहे. मी आया सांगितलं. काकांना स्पेलिंग जमेना तर तेपण मीच सांगितलं."

"तसं काही नाही गं."

"मग कसं?"

प्रज्ञाने एक गोळी काढून माझ्या हातावर ठेवली, आल्याची, आणि म्हणाली, "यार, घरी जाऊन बोल ना सरळ." तिला काय माहीत, आमच्याकडे आईला सॉरी म्हणत नाहीत. म्हटलं तर ती विचारेल, कोण मेलं?

त्या नोट्समध्ये मासे फार. 'फिश आउट ऑफ वॉटर' झालं, 'बिग फिश' झालं, 'फिश इन ट्रबल्ड वॉटर्स' झालं. आणि 'समथिंग फिशी', म्हणजे काहीतरी संशयास्पद. हे वाचून मला आईचीच आठवण आली. ती गिऱ्हाइकाला नेहमी सांगायची, वास येतो ती मासली नव्हे बाय, ती शिली. ताजीला दर्याचा वास. ज्यांनी हा इडियम काढला त्यांना शिळंच मिळत असणार, दुसरं काय!

मग मी ठरवलं, आईच्या कामाला इंग्रजीत नीट शब्द शोधायचा. पुढे कधी कोणी विचारलं तर जीभ अडायला नको. क्लासच्या कपाटातली जाडी डिक्शनरी काढली. 'फिश'खाली उतरत गेले. आणि एक शब्द सापडला, 'फिशवाईफ'. इतका आनंद झाला! हाऊसवाईफच्या शेजारी ठेवायला अगदी जुळता. पहिला अर्थ, मासळी विकणारी बाई. दुसरा अर्थ, कर्कश, शिवराळ बाई. मी डिक्शनरी मिटली. सातासमुद्रापार कोणीतरी बसमध्ये म्हणत होतं, काय कोळणींसारख्या भांडताय. दोन भाषा, एकमेकींचं तोंड न बघितलेल्या, आणि शिवी एकच. मला राग आला. आधी डिक्शनरीचा, मग माझा. मला जे लपवायचं होतं ते आईचं काम नव्हतंच, लोकांनी त्या कामाला चिकटवलेला दुसरा अर्थ होता. पण आईला फक्त पहिला अर्थ माहीत होता. तिच्या दृष्टीने मी तेच नाकारलं होतं.

आता मी ज्या ऑफिसात बसते तिथे माझ्या टेबलावर फॉर्म येतात. आईचा व्यवसाय, गृहिणी. गृहिणी. गृहिणी. गृहिणी. खऱ्या गृहिणी असतीलही, आणि त्यांचं काम काही कमी नाही. पण एखाद्या फॉर्मवर माझं बोट थांबतं. वाटतं, ही पोरगी म्हणाली तेव्हा हिच्या मागे दारात कोण उभं होतं? मग बोट पुढे सरकवते. फॉर्म पुष्कळ असतात.

परीक्षेला पंधरा दिवस उरले तेव्हा मी क्लास सुटल्यावर थेट बाजारात गेले. आईच्या ओट्यामागे जाऊन उभी राहिले. ती सुरमई कापत होती आणि बोलत होती. बापरे, काय बोलत होती! एकीशी गुजराती, एकाशी हिंदी, एका मॅडमशी इंग्रजी. "टुडे नो हलवा, मॅडम. टुमॉरो शुअर, आय कीप." परेरा सरांनी लाल रेघा मारल्या असत्या. ती मॅडम मान डोलवून "थँक यू मावशी" म्हणून गेली. मला त्या मॅडमचा हेवा वाटला. चार भाषा होत्या आईकडे, सगळ्या गावाला पुरतील एवढ्या. माझ्या वाट्याला एकही नाही.

"आई," मी म्हटलं. "चुकलं माझं."

कोयता थांबला नाही. शेजारच्या ओट्यावर कमळामावशी बसायची. आई तिला म्हणाली, "कमले, इचार तिला, क्लास बुडवला काय?"

"नाही बुडवला," मी म्हटलं.

"तिला सांग, बॅग खाली ठेवू नको, पानी हाय. आनि घरी जा, अब्यास कर."

कमळामावशीने आधी मला डोळ्यांनी जा म्हणून खुणावलं, मग आईला म्हणाली, "काय गो तू पन, पोरगी रडतंय बघ." आईने बघितलं नाही. कोयत्याखालचा तुकडा मात्र जरा वाकडा गेला. आईचा तुकडा कधी वाकडा जात नाही. तेवढ्यावर मी घरी आले.

परीक्षा मुलुंडच्या एका शाळेत होती. बाकं लहान मुलांची, गुडघे वर येत होते. इंग्रजीचा भाग आला. मग एक-एक जुळत गेलं. प्रिफर टू. अबाइड बाय. लग्नं लागत गेली. आणि मग तो प्रश्न आला. 'ही वॉज अशेम्ड डॅश हिज ओरिजिन्स.' ऑन, फ्रॉम, ऑफ, विथ.

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला पाठांतर लागलं नाही. लाज कोणाची? आईची. ची. ऑफ. बाकी आठशे ठिकाणी या दोन भाषांनी मला फिरवून फिरवून दमवलं, आणि इथे नेमकं दोघींचं एकमत. मी गोल काळा केला आणि पुढचा प्रश्न दिसेनासा झाला. पर्यवेक्षक बाईंनी विचारलं, "बरं नाही का? पाणी हवंय?" मी मान हलवली आणि डोळे पुसून पुढे गेले. रडायला वेळ नव्हता, साठ प्रश्न बाकी होते.

पास झाले. निकाल लवकर लागला, पावसाच्या तोंडावर. आईला बाबांनी सांगितलं. ती उठून देवापुढे गेली, उदबत्ती लावली, आणि माझ्याशी न बोलता बाजाराला गेली. दुपारी कमळामावशीचा फोन आला. "अगो, तुजी आय सकालपासून सगल्या बाजाराला सांगतंय, माजी पोर आफिसर झाली म्हनून. गिऱ्हाइकाला पन सांगतंय. त्या आंधलीनी तुला काय सांगितला काय?" मी म्हटलं, नाही. आणि ऑफिसर नाही गं, क्लार्क. मावशी म्हणाली, "तेच ते."

मग पडताळणीचा फॉर्म आला. हा कागदावर, हाताने भरायचा. होड्या तेव्हा किनाऱ्यावर ओढलेल्या, मासेमारी बंद, त्यामुळे आई दुपारची घरात. ती सुपात सुकट घेऊन निवडत होती. बाबा होडीकडे गेलेले. म्हणजे निरोप्या नव्हता.

मी जमिनीवर फॉर्म पसरला. सगळं भरलं. ती एक जागा आली. मी तिच्यासाठीच इतके दिवस थांबले होते. मनात वाक्य तयार होतं, शब्द ठरलेला होता, स्पेलिंग दहा वेळा गिरवलेलं होतं. मी मोठ्याने म्हटलं, "आई, इथे तुझं काम लिहायचंय. फिश सेलर लिहिते. मासळी विकते असं."

सुपातला हात थांबला.

"नको," आई म्हणाली.

मला आधी वाटलं, मला भास झाला. बाबांकडे बघायची इतकी सवय झाली होती की मी रिकाम्या दाराकडे बघितलं.

"पयल्या फॉर्मवर काय लिवलंस?" तिने विचारलं. माझ्याकडे बघून विचारलं.

"तुला माहितीय."

"मग तेच लिव."

"नाही लिहिणार. चुकीचं आहे ते, आई. खोटं आहे."

"खाली काय छापलंय? बाबांना वाचून दाखवलंस ना सकाली, मी आयकलं. खोटी माहिती दिली तर काढून टाकतील. या कागदावर येक, त्या कागदावर येक, मग कंचा खोटा ते ते ठरवतील. तुजा नाव कापतील. तेच लिव."

"पण तू..."

"मना मासली इकायला त्यांचा कागद लागत नाय." ती सूप बाजूला सारून माझ्याजवळ सरकली. हाताला सुकटीचा वास. "लिव बोलतंय ना. खाडाखोड नको करू."

मी लिहिलं. माझं अक्षर तसं बरं आहे, पण त्या दिवशी एकेक अक्षर काढायला जीव जात होता. कोणी चूक केली तर ती दुरुस्त करता येते असं मला वाटायचं. माझी दुरुस्त होणार नव्हती, आणि ती पुन्हा करायला मला आईच सांगत होती, माझ्या नोकरीसाठी, चार महिन्यांनी तोंड उघडून. मी पेन खाली ठेवलं. रडू येत होतं, पण कागद भिजला तर तोही बाद होईल म्हणून आवरलं.

आई वाकून बघत होती. बोट कागदाला लागू न देता तिने त्या चौकटीकडे दाखवलं.

"हाच काय तो?"

"हो."

तिने जरा वेळ निरखून बघितलं.

"येवढासाच हाय?" ती म्हणाली. "मना वाटलेलं, मोठा असंल."